छाती हलते, हवा आत जाते, तरी ऑक्सिजन कमी का पडतो?

प्रश्नाचे दोन भाग आहेत. फुप्फुस हवेतला ऑक्सिजन रक्तात ढकलतं कसं, हा पहिला. आणि पेशंट जोरजोरात श्वास घेतोय, छाती वरखाली होतेय, तरी बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा ८५ च्या पुढे का सरकत नाही, हा दुसरा. पहिला नीट समजला की दुसऱ्याचं निम्मं काम होतं.

फुप्फुस काहीही ढकलत नाही. एके काळी नामवंत शास्त्रज्ञांनाही वाटायचं की फुप्फुसाचं अस्तर स्वतः ताकद लावून ऑक्सिजन रक्तात सोडतं. कोपनहेगनचे ख्रिस्तियान बोर या मताचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांच्याच हाताखाली शिकलेले ऑगस्ट क्रोग आणि त्यांच्या पत्नी मारी यांनी वायुकोशातल्या (म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक फुग्यांतल्या) आणि धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब काटेकोरपणे मोजला. धमनीतला दाब वायुकोशातल्या दाबापेक्षा नेहमी कमीच असतो, हे त्यांनी १९१० मध्ये दाखवून दिलं. म्हणजे वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपणहून जातो. फुप्फुसाचं सगळं काम एवढंच: तो दाबातला फरक टिकवायचा आणि ताजी हवा व ताजं रक्त एकाच जागी, एकाच वेळी समोरासमोर आणायचं. बिघाड होतो तो बहुतेक वेळा या 'एकाच जागी' मध्ये.

म्हणून टक्क्यांपेक्षा दाबात विचार करायची सवय लावावी. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिमी पारा असतो. त्यातला ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे साधारण १६०. नाक आणि घशातून खाली उतरेपर्यंत हवा ३७ अंशांपर्यंत तापते आणि पाण्याच्या वाफेने पूर्ण भरते. वाफेचा दाब ४७. तो वजा केला की ७१३ उरतात, आणि त्याचे २१ टक्के म्हणजे १५०. पुढे वायुकोशात कार्बन डायऑक्साइड आधीच हजर असतो, त्याचा दाब ४०. या ४० ला ०.८ ने भागायचं आणि आलेले ५० त्या १५० मधून वजा करायचे. उरले १००. हा ०.८ आकाशातून पडलेला नाही. विश्रांतीत शरीर मिनिटाला सुमारे २५० मिली ऑक्सिजन वापरतं आणि २०० मिली कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, त्यांचं ते गुणोत्तर आहे. हे गणित लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

आता दुसरी बाजू. शरीरभर फिरून फुप्फुसाकडे आलेल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ४० आणि कार्बन डायऑक्साइडचा ४६ असतो. म्हणजे ऑक्सिजनला आत जायला ६० चा फरक मिळतो आणि कार्बन डायऑक्साइडला बाहेर यायला फक्त ६ चा. तरी त्याचं काम अडत नाही, कारण तो पाण्यात कितीतरी जास्त विरघळतो आणि ऑक्सिजनच्या सुमारे २० पट सहजपणे पडदा ओलांडतो. त्यामुळेच पडदा जाड झाल्याने होणाऱ्या आजारांत ऑक्सिजन आधी घसरतो, कार्बन डायऑक्साइड मात्र बराच काळ ठीक राहतो.

हवा इथपर्यंत येते कशी, हे थोडक्यात. श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकतं, साध्या श्वासात सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर, खोल श्वासात १० सेंटीमीटरपर्यंत. बरगड्या वर आणि बाहेर येतात, छातीची पोकळी मोठी होते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आत शिरते. शांत श्वास सोडताना स्नायूंना काही करावं लागत नाही. ताणलेलं फुप्फुस आपल्या लवचीकपणानेच परत आक्रसतं. दम्यात किंवा सीओपीडी या श्वासनळ्यांच्या जुनाट आजारात श्वास सोडायलाच जास्त त्रास होतो, कारण छोट्या नळ्या श्वास सोडताना आणखी अरुंद होतात आणि हवा आत कोंडून राहते.

श्वासनलिकेला सुमारे २३ वेळा फाटे फुटतात. पहिले १६ फाटे ही निव्वळ ये-जा करायची वाट आहे, तिथे वायूंची देवाणघेवाण होत नाही. या वाटेत मोठ्या माणसात साधारण १५० मिली हवा मावते. एका श्वासात आपण सुमारे ५०० मिली घेतो, त्यातली १५० वाटेतच राहते आणि कामाची फक्त ३५०. मिनिटाला १२ श्वास धरले तर ६ लिटर हवा आत-बाहेर होते, पण वायुकोशांपर्यंत पोहोचते ४.२ लिटर.

आता दमलेल्या पेशंटचं गणित करून पाहा. तो मिनिटाला ३० वेळा श्वास घेतोय, पण प्रत्येक श्वास उथळ, २०० मिलीचा. एकूण हवा पुन्हा ६ लिटरच. वाटेतले १५० वजा केले तर वायुकोशांपर्यंत पोहोचतात ५० गुणिले ३०, म्हणजे जेमतेम दीड लिटर. बघणाऱ्याला वाटतं की श्वास जोरात चाललाय, म्हणजे हवा भरपूर जात असणार. प्रत्यक्षात कामाची हवा एक तृतीयांशावर आलेली असते. म्हणून श्वासाचा वेग मोजताना छाती किती फुगतेय हेही बघायचं. वेग वाढलेला आणि छाती जेमतेम हलणारी, हे दृश्य दिसलं की वेळ दवडायची नाही.

वायुकोश म्हणजे या वाटेच्या टोकाचे बारीक फुगे. दोन्ही फुप्फुसांत मिळून त्यांची संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात असते, प्रत्येकाचा व्यास मिलिमीटरच्या एक पंचमांशाच्या आसपास. सगळे उलगडून पसरले तर पृष्ठभाग ७० चौरस मीटरच्या आसपास भरतो. त्यांच्या भिंतीत केशवाहिन्यांचं जाळं इतकं दाट असतं की रक्ताचा जवळजवळ सलग थरच तिथून वाहतो. एका क्षणी या जाळ्यात असतं किती रक्त? ७० ते १०० मिली. एवढंसं रक्त एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर पसरलेलं असल्यामुळे थर अतिशय पातळ होतो. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा सर्वांत पातळ जागी मायक्रॉनच्या एक तृतीयांशाएवढा असतो. त्यात तीनच गोष्टी: वायुकोशाची चपटी पेशी, केशवाहिनीची पेशी आणि दोन्हींच्या मधला एकजीव झालेला पातळ थर.

इतके छोटे आणि आतून ओले फुगे मिटून का जात नाहीत? पाण्याचा पृष्ठताण त्यांना सतत आत ओढत असतो, आणि फुगा जितका छोटा तितकी ही ओढ जास्त. वायुकोशातल्या काही खास पेशी सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ सोडतात, तो हा ताण मोडतो. फुगा आकसला की सर्फॅक्टंटचे रेणू दाटीने जवळ येतात आणि ताण आणखी घटतो, म्हणून छोटे आणि मोठे वायुकोश शेजारी शेजारी टिकतात. बाळाच्या फुप्फुसात हा पदार्थ पुरेसा तयार व्हायला गर्भारपणाचे ३४-३५ आठवडे उलटावे लागतात. फार लवकर जन्मलेली बाळं प्रत्येक श्वासाला कण्हतात, त्यांच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, त्याचं कारण हेच. मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी १९५९ मध्ये हे कारण दाखवून दिलं. आज अशा बाळांच्या श्वासनलिकेत सर्फॅक्टंट थेट सोडता येतं. आईला वेळेआधी प्रसूती होईल असं दिसलं तर स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन बाळाची फुप्फुसं आधीच तयार करता येतात.

विश्रांतीत तांबडी पेशी या जाळ्यातून पाऊण सेकंदात पार होते. ऑक्सिजनचा दाब समसमान व्हायला त्यातलं पाव सेकंद पुरतं. म्हणजे दोन तृतीयांश वेळ हाताशी राखीव असतो. हा राखीव वेळ फार महत्त्वाचा आहे. फुप्फुसात तंतू वाढून पडदा जाड झाला, तरी बसलेल्या पेशंटचा आकडा कित्येकदा ९५-९६ असतो. चालायला लावलं की रक्ताचा वेग वाढतो, पेशीला मिळणारा वेळ घटतो आणि आकडा भराभर ८८-८९ वर येतो. म्हणून अशा पेशंटचा नुसता बसल्याजागचा आकडा बघून 'सगळं ठीक' म्हणणं चूक आहे. सहा मिनिटं चालवून बघणं ही साधी, बिनखर्चाची आणि खूप काही सांगून जाणारी तपासणी आहे.

रक्तात शिरलेला ऑक्सिजन जवळजवळ सगळा हिमोग्लोबिनला चिकटून जातो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिली ऑक्सिजन धरतं. १०० मिली रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर त्यात २० मिली ऑक्सिजन मावतो. विरघळलेला फक्त ०.३ मिली. हिमोग्लोबिन किती भरलं आहे याची टक्केवारी म्हणजे सॅच्युरेशन, आणि ऑक्सिमीटर तीच दाखवतो. दाब आणि सॅच्युरेशन सरळ प्रमाणात वाढत नाहीत. दाब १०० ला सॅच्युरेशन ९७-९८, दाब ६० ला ९०, दाब ४० ला ७५. म्हणजे १०० पासून ६० पर्यंतची पडझड आकड्यात फारशी दिसत नाही, आणि ६० च्या खाली मात्र कडाच सुरू होतो. ९० च्या आकड्याला आम्ही इतकं महत्त्व देतो ते यामुळेच. ९७ वरून ९३ होणं आणि ९० वरून ८६ होणं, फरक चारचाच. पण दुसऱ्यात पेशंट कड्यावरून खाली यायला लागलेला असतो.

काम करणाऱ्या स्नायूपाशी उष्णता, आम्लता आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तिथे हिमोग्लोबिनची पकड सैल होते आणि ऑक्सिजन सुटतो. ही गोष्ट त्याच बोर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९०४ मध्ये मांडली आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कार्बन डायऑक्साइडचा परतीचा प्रवास निराळा. त्यातला सुमारे ७० टक्के तांबड्या पेशीत शिरून, कार्बोनिक अनहायड्रेज या एन्झाइमच्या मदतीने पाण्याशी संयोग पावतो आणि बायकार्बोनेट होऊन प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, बाहेर पडतो. काही भाग हिमोग्लोबिनला चिकटतो, थोडा तसाच विरघळलेला राहतो. फुप्फुसात ऑक्सिजन हिमोग्लोबिनला चिकटताच ही सगळी क्रिया उलटी फिरते आणि वायू बाहेर पडतो.

आता दुसरा भाग. हवा येते, रक्त येतं, पडदा पातळ आहे, मग अडतं कुठे?

सरळ कारण म्हणजे वायुकोशांपर्यंत हवाच कमी पोहोचणं. झोपेच्या किंवा अफूवर्गीय औषधांचा जास्त डोस, स्नायूंचा अशक्तपणा, थकवा. वायुकोशातली हवा निम्मी झाली की कार्बन डायऑक्साइड दुप्पट होतो, ४० चा ८०. वरचं गणित करा: ८० भागिले ०.८ म्हणजे १००, आणि १५० वजा १०० म्हणजे ५०. ऑक्सिजन धोक्याच्या पातळीवर. आता याच पेशंटला ३० टक्के ऑक्सिजन दिला तर ७१३ चे ३० टक्के २१४, वजा १०० म्हणजे ११४. ऑक्सिमीटर लगेच ९८ दाखवेल आणि सगळे निर्धास्त होतील. कार्बन डायऑक्साइड मात्र अजून ८० च आहे, कदाचित चढतोय, पेशंट गुंगीत चाललाय. ऑक्सिमीटर हवा किती जाते हे सांगत नाही, कार्बन डायऑक्साइड तर मुळीच सांगत नाही. ऑक्सिजन लावलेला पेशंट पेंगुळलेला दिसला तर आकडा कितीही चांगला असो, धमनीतल्या रक्तातले वायू मोजणारी एबीजी तपासणी करायची.

सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे हवा आणि रक्त यांची फारकत. काही वायुकोशांना रक्त मिळतं पण हवा मिळत नाही: कफाने बुजलेले, न्यूमोनियाने भरलेले, मिटलेले. काहींना हवा मिळते पण रक्त नाही, जसं फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकल्यावर. एकूण हवा बरोबर, एकूण रक्तही बरोबर, पण भेटच होत नाही. फुप्फुसाकडे यावर स्वतःचा एक तोडगा आहे. शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसात उलट, ज्या भागात ऑक्सिजन कमी तिथल्या वाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. हलक्या आजारात हे पुरतं, मोठ्या न्यूमोनियात नाही.

इथे नेहमी येणारा प्रश्न: चांगल्या भागातून जास्त श्वास घेऊन आजारी भागाची भरपाई का होत नाही? समजा निम्मं रक्त चांगल्या वायुकोशांतून येतंय, १०० मिलीला २० मिली ऑक्सिजन घेऊन. उरलेलं निम्मं बंद वायुकोशांवरून तसंच येतंय, १५ मिलीवर. दोन्ही मिसळले की साडेसतरा, म्हणजे सॅच्युरेशन ८७ च्या आसपास आणि दाब ५५ च्या जवळ. चांगल्या भागात कितीही हवा भरा, तिथलं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं आहे, त्यात आणखी जागाच नाही. शुद्ध ऑक्सिजन दिला तरी त्या १०० मिलीमागे फक्त २ मिलीच्या आसपास जास्त विरघळतो. आणि बंद वायुकोशापर्यंत तर तो पोहोचतच नाही. कार्बन डायऑक्साइडचं तसं नसतं. चांगल्या भागातून जास्त श्वास घेतला की तो जास्त बाहेर पडतो आणि आजारी भागाची कसर भरून निघते. त्यामुळे न्यूमोनियात सुरुवातीला सॅच्युरेशन ८५ असताना कार्बन डायऑक्साइड नॉर्मल किंवा कमीच मिळतो. तो वाढायला लागला तर समजायचं की पेशंट थकलाय.

अशा वेळी ऑक्सिजनचा प्रवाह वाढवत राहण्याने फारसं साधत नाही, बंद वायुकोश उघडावे लागतात. व्हेंटिलेटरवर किंवा घट्ट मास्कमधून श्वासाच्या शेवटी थोडा दाब टिकवतात तो त्यासाठीच. गंभीर पेशंटला सलग १२ ते १६ तास पालथं ठेवतात त्याचंही कारण हेच: उताणं असताना पाठीकडचा मोठा भाग हृदय आणि पोटाच्या भाराखाली दबतो. पालथं केल्यावर तो उघडतो, आणि रक्तप्रवाह मात्र बराचसा तिथेच राहतो.

सीओपीडीच्या काही पेशंटना भरमसाट ऑक्सिजन दिला की कार्बन डायऑक्साइड चढतो. 'त्यांचा श्वासच थांबतो' असं सरसकट सांगितलं जातं, ते अपुरं आहे. श्वासाची ओढ थोडी कमी होते खरी, पण मुख्य गोष्ट वेगळी. ऑक्सिजनमुळे आजारी भागातल्या आकसलेल्या वाहिन्या उघडतात, रक्त पुन्हा हवा नसलेल्या जागी जायला लागतं आणि ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. म्हणून अशा पेशंटसाठी लक्ष्य ८८ ते ९२ ठेवतात. ऑक्सिजन नाकारायचा नाही, मापात द्यायचा.

श्वासाची ओढ मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर चालते, हे पोहणाऱ्यांनी तरी नक्की लक्षात ठेवावं. बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेतल्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र खूप घसरतो. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत आला तरी श्वास घ्यावासा वाटत नाही आणि माणूस पूर्वसूचनेशिवाय बेशुद्ध होतो. मानेतल्या धमन्यांजवळचे ऑक्सिजन ओळखणारे ठिपके दाब ६० च्या खाली गेल्यावर कुठे जोराने बोलायला लागतात, तोवर उशीर झालेला असतो.

आणि काही वेळा फुप्फुस निर्दोष असतं. हिमोग्लोबिन ७ ग्रॅम असेल तर सॅच्युरेशन ९८ दिसेल, पण १०० मिली रक्तात ऑक्सिजन साडेनऊ मिलीच्या आतच. बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटर चालू राहिला तर कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. साधा ऑक्सिमीटर त्यालाही ऑक्सिजनच समजतो आणि आकडा छान दाखवतो. डोकेदुखी, मळमळ, घरातल्या सगळ्यांना एकदमच त्रास, अशी कहाणी असेल तर आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणायचं आणि लगेच हॉस्पिटल गाठायचं. तिथे शक्य तितका शुद्ध ऑक्सिजन देतात.

ऑक्सिमीटर लावताना हात गरम हवा, नखाला रंग नको, हात स्थिर हवा, आणि आकडा किमान अर्धा मिनिट टिकला तरच लिहायचा. यंत्रावरची नाडी मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर सॅच्युरेशनही खोटं समजा. गडद त्वचेवर यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून ९२-९३ वर रेंगाळणाऱ्या आकड्याला लक्षणांची जोड देऊनच वाचायचं. आणि आकड्याशेजारी श्वासाचा वेग लिहा, पूर्ण एक मिनिट घड्याळ धरून, पेशंटच्या नकळत मोजलेला. मोठ्या माणसात विश्रांतीत १२ ते २० ठीक. २५ च्या वर गेला, बोलताना वाक्य तुटायला लागलं किंवा मानेचे स्नायू ओढले जायला लागले, तर सॅच्युरेशन ९६ असलं तरी डॉक्टरांना बोलवा. तो ९६ पेशंट कष्टाने टिकवतोय, आणि हे कष्ट तो किती तास करू शकेल हे यंत्राला कळत नाही.